मर्यादवेल दरवर्षी लावतो आणि दरवर्षी मे महिन्यात जाते, असं होत असेल तर

आमची वाडी दापोली तालुक्यात, पुळणीला म्हणजे समुद्राकाठच्या वाळूला अगदी लागून, मागचा दगडी गडगा ओलांडला की वाळूच. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, तेव्हा पोफळी आडव्या झाल्या, माड गेले, ते सगळ्यांनी बघितलं, पण गडग्यापुढची वाळूची टेकाडं अर्धी कापली गेली आणि त्यांच्यावर पसरणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल त्यांच्याबरोबर गेली याकडे पहिले काही महिने कोणाचंच लक्ष नव्हतं. लक्ष गेलं ते फेब्रुवारीत, जेव्हा दुपारचा वारा सुरू झाला आणि वाळू उडून बावीत म्हणजे विहिरीत, पडवीत, पोह्याच्या डब्यात यायला लागली. आधी कधी असं झालं नव्हतं. मग कळलं की ती जांभळी फुलं नुसती शोभेची नव्हती, वाळू तीच धरून होती.

तेव्हापासून मी ही वेल परत लावायच्या मागे आहे. तीन वर्षं लावली आणि तिन्ही वर्षं गेली, चौथ्या वर्षी टिकली आणि आता ती माझ्याशिवाय वाढतेय. आमच्या पट्ट्यातल्या अजून चार-पाच वाड्यांत हेच बघितलं, सगळ्यांचं रडगाणं एकच, पावसात मस्त पसरते, दिवाळीला फुलते, मार्चमध्ये पिवळी पडते आणि मे संपेपर्यंत नाहीशी. म्हणून माझं कुठे चुकत होतं आणि तुमचं कुठे चुकत असू शकतं ते सगळं इथे लिहिते.

आधी वेल तीच आहे ना ते बघा, कारण मर्यादवेल म्हणून लोक काहीही आणून देतात. मर्यादवेलीचं पान आपट्याच्या पानासारखं, टोकाला खाच असलेलं, पण जाड, गुळगुळीत, चामड्यासारखं. शास्त्रीय नाव इपोमिया पेस-कॅप्री, त्यातल्या पेस-कॅप्रीचा अर्थच बकरीचं पाऊल, पानाच्या आकारावरून ठेवलेलं. खोड तोडलं की पांढरा चीक येतो. फूल कर्ण्यासारखं, जांभळट गुलाबी, आत घशाशी गडद, सकाळी उमलतं आणि दुपार झाली की मिटतं. पान बदामी असेल, मोठं असेल, खालून पांढरी लव असेल तर ती समुद्रशोक, वेगळी वेल, आणि नदीनाल्याकाठची उभी झुडपासारखी बेशरम तर अजिबातच नाही. फुलं बरीचशी सारखी दिसतात त्यामुळे गोंधळ होतो, पण वाळूत टिकणारी ही एकच.

आता खरा मुद्दा. पहिल्या वर्षी मी जुलैमध्ये लावली, शेंड्याकडचे कोवळे हिरवे तुकडे आणले, गडग्यापासून पुढे दिसेल तिथे खड्डे केले, खड्ड्यात शेणखत आणि तांबडी माती घातली, कारण झाड लावायचं म्हटलं की आपला हात खताकडेच जातो. अर्ध्याहून जास्त तुकडे बुडाशी काळे पडून सडले. जे जगले त्यांच्याभोवती टाकळा आणि रानमोडी उगवली, जी आमच्या पुळणीवर आधी कधीच नव्हती, ती मातीतून आणि शेणातून आली. उरलेली वेल पुढच्या मे महिन्यात वादळी वाऱ्यात लाटेबरोबर गेली. ते वादळ होतं म्हणून मी स्वतःला दोष दिला नाही आणि दुसऱ्या वर्षी परत तेच केलं, फक्त ह्या वेळेला पावसानंतर रोज संध्याकाळी नळीने पाणी घालायला लागले.

दुसऱ्या वर्षी वादळ नव्हतं तरी वेल गेली. तेव्हा मी मेलेली एक वेल उपटून बघितली आणि तिथेच सगळं समजलं असं म्हटलं तरी चालेल. ती जोर न लावता निघून आली. मुळं सगळी वरच्या चार बोटांत, जाळीसारखी पसरलेली, जिथे माझं पाणी मुरत होतं तिथेच. खाली एकही गेलेलं नाही. आणि त्याच्या पुढे वीस-पंचवीस पावलांवर, जिथे वादळात टेकाड उभं कापलं गेलं होतं, तिथे एका जुन्या वेलीचं मूळ उघडं पडलेलं होतं, माझ्या अंगठ्याएवढं जाड, सरळ खाली गेलेलं, मी कमरेएवढं खणत गेले तरी संपलं नाही. त्या वेलीला वर एक थेंब पाणी कोणी घातलं नव्हतं आणि ती मे महिन्यात हिरवीगार होती.

तेव्हा शेजारचे एक वयस्कर खलाशी होडी ओढायला आले होते ते थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिला पाणी घालताय, तिला वाळू पायजे." मला तेव्हा ते नीट कळलं नाही. नंतर कळलं, आणि या वेलीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच.

वेल जमिनीलगत पसरते, वारा तिच्या पानांत अडकतो, वेग कमी झाला की वाऱ्याबरोबर आलेली वाळू तिथे पडते आणि वेल बुडते. बुडालेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि शेंडा वाळूतून वर येतो. परत वारा, परत वाळू, परत मुळं. असंच टेकाड चढत जातं आणि वेल त्याच्या पोटात दोरखंडासारखी गुंतत जाते. म्हणजे तिच्यावर वाळू चढणं हा रोग नाही, तेच तिचं खाणं आहे. आम्ही काय करत होतो, तर तिच्यावर वाळू आली की बिचारी गुदमरेल म्हणून झाडून काढत होतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तर खराट्याने रोज स्वच्छ करायच्या आणि मीच त्यांना तसं सांगितलं होतं. पेरांना वाळू मिळाली नाही, मुळं फुटली नाहीत, मूळ ठिकाणच्या एका बुंध्यावर सगळी वेल लोंबकळत राहिली आणि उन्हाळा आला की मेली. तुमच्याकडे वेलीचे लांब पट्टे दिसत असतील आणि ते उचलले की सरळ उचलले जात असतील, मध्ये कुठेच जमिनीत अडकलेले नसतील, तर तुमचंही हेच चाललंय. तिथेच पेरांवर ओंजळ-ओंजळ वाळू टाका, आणि पावसाळ्यात टाका, उन्हाळ्यात नाही, कारण ओल असेल तरच मूळ धरतं.

मग प्रश्न येतो जागेचा, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त लोक इथेच चुकतात. पुळण काही वर्षभर एका जागी नसते. पावसाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून आत समुद्रात नेतात, पुळण उतरती आणि अरुंद होते, कधीकधी टेकाडाच्या पायाला उभा कापा पडतो, आणि पाऊस गेला की ऑक्टोबरपासून हळूहळू तीच वाळू परत येते. आपण मे महिन्यात रुंद पुळण बघून म्हणतो, वा, केवढी जागा, आणि पार पुढे जाऊन लावतो. ती जागा समुद्राचीच आहे, त्याने फक्त उन्हाळ्यापुरती सोडलेली. मर्यादवेल हे नाव कोणी उगीच ठेवलेलं नाही, समुद्राची मर्यादा जिथे, तिथपर्यंत ती जाते. जुनी माणसं तिला मर्जादवेलही म्हणतात.

तर जागा अशी शोधा: श्रावणातल्या उधाणाच्या भरतीला, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, जाऊन बघा की पाणी कुठपर्यंत आलं. काड्या, प्लास्टिक, नारळाची सोडणं यांची एक ओळ पडलेली असते. त्या ओळीत बांबू ठोका. पावसाळाभर सगळ्यात मागे गेलेली जी ओळ असेल, तिच्या मागे किमान आठ-दहा पावलं सोडून लावायला सुरुवात करा. पुढे नाही. वेल स्वतः पुढे येईल, तिला हवं तेवढं, आणि एखाद्या वर्षी समुद्राने पुढचा भाग नेला तरी मागची मुळं शाबूत राहतात आणि परत पुढे फुटतात. तिसऱ्या वर्षीची माझी वेल अशीच गेली, पाणी घालणं बंद केलं होतं, खत नव्हतं, सगळं बरोबर, पण लावली होती त्या ओळीच्या पुढे. जुलैच्या एका उधाणात जवळजवळ साफ.

वेळ म्हणाल तर मी दोन टप्पे करते. टेकाडाच्या माथ्यावर आणि मागच्या उतारावर मिरगाचा पाऊस नीट लागला की लगेच, कारण तिथे लाट येत नाही आणि पुढे तीन-साडेतीन महिने ओल मिळते. समुद्राकडच्या उतारावर मात्र नारळी पौर्णिमा होऊन दर्या जरा निवला की मगच, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. तेव्हा वाळूत ओल असते, लाट उतरलेली असते आणि हस्ताचा पाऊसही मिळून जातो. ऑक्टोबर संपला की लावू नका, वेल दिसेल जिवंत, पण मूळ खाली जायला वेळच मिळत नाही आणि फेब्रुवारीत तुम्ही परत नळी घेऊन उभे राहाल.

तुकडे कोवळे घेऊ नका. करंगळीएवढी जाड, तपकिरी झालेली वेल घ्यायची, साधारण हातभर लांब, चार-पाच पेरं तरी हवीत, आणि ज्या पेराला आधीच पांढरी मुळं टोचून आलीयेत तो तुकडा सोन्यासारखा. काढताना एकाच ठिकाणाहून ओरबाडू नका, तिथलं टेकाड उघडं पडेल. मी रस्त्यावर, होडीच्या वाटेत आलेल्या, तशाही तुडवल्या जाणाऱ्या वेली घेते. चीक सुकायला अर्धा दिवस सावलीत ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लावते. खड्डा नाही, चर. वीतभर खणलं की पावसाळ्यात ओली, गडद वाळू लागते, तिथपर्यंत जायचं, तुकडा आडवा ठेवायचा, शेंडा समुद्राकडे, दोन-तीन पेरं पूर्ण पुरायची आणि वरून कोरडी वाळू पसरायची. ती कोरडी वाळू झाकणासारखी खालची ओल धरून ठेवते. पायाने दाबा. खत नाही, माती नाही, काही नाही. पाऊस चार-पाच दिवस थांबला तरच एखादं पाणी, तेही पहिल्या महिन्यात, नंतर बंद म्हणजे बंद. पानं दुपारी मिटलेल्या वहीसारखी मध्यशिरेवर दुमडतात तेव्हा जीव कासावीस होतो, पण तो तिचा उन्हापासून वाचायचा मार्ग आहे, संध्याकाळी परत उघडतात. सकाळी सातलाही दुमडलेली असतील तर मात्र खरंच तहान लागलीय असं समजा.

बियांपासून करायची असेल तर तक्रार ठरलेली, बी उगवतच नाही. उगवणार कसं, ते बी समुद्रात महिनोन्महिने तरंगून दुसऱ्या किनाऱ्याला लागावं म्हणून बनलंय, त्याच्या सालातून पाणी आत जातच नाही. म्हणून तर ही वेल जगभर उष्ण किनाऱ्यांवर सापडते. बोंड सुकून तपकिरी झालं की आत साधारण चार बिया, वाटाण्याएवढ्या, मखमली लव असलेल्या. भोक पडलेल्या फेकून द्या, त्या किडीने खाल्लेल्या असतात. बाकीच्या हातात धरून डोळा कुठे आहे ते बघा, म्हणजे जिथे ती बोंडाला चिकटलेली होती ती जागा, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरने टवका काढा, आतलं फिकट दिसेपर्यंत, जास्त नाही. किंवा खडबडीत जांभ्यावर घासा. रात्रभर पाण्यात टाका. सकाळी ज्या फुगून दुप्पट झाल्या त्या लावायच्या, ज्या तशाच राहिल्या त्यांना परत टवका. माझ्या पहिल्या वीस बियांतली एकही आली नव्हती, घासलेल्या वीसांतल्या सतरा आल्या, सहाव्या-सातव्या दिवशी. आणि रोप पिशवीत वाढवायचं तर पुळणीचीच वाळू भरा, नर्सरीची माती नको, नाहीतर मातीचा गोळा तसाच राहतो आणि मूळ त्याच्या बाहेर जायला तयार होत नाही.

कोणाकोणाकडे फुलं भरपूर येतात पण बोंडं धरत नाहीत. माझ्याकडेही तसंच होतं, कारण सगळे तुकडे मी एकाच वेलीचे आणले होते, म्हणजे दिसायला पन्नास, पण झाड एकच. पुढच्या वर्षी दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून तुकडे आणून मध्ये मध्ये लावले आणि बोंडं धरायला लागली. काळे भुंगे सकाळी येतात, त्यांना येऊ द्या.

आणि मुंग्यांवर औषध मारू नका, कृपा करून. देठ जिथे पानाला मिळतो तिथे जरा जवळ जाऊन बघा, दोन बारीक ठिपके दिसतील, त्यातून गोड पाझरतं आणि मुंग्या तेच चाटायला येतात. बदल्यात त्या वेलीवर फिरत राहतात आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना टिकू देत नाहीत. एका घरी त्यांनी मुंग्यांची पावडर टाकली आणि पुढच्या महिन्यात अळ्यांनी पानांची जाळी केली होती.

वेल नीट लागलीय, मूळ खोल आहे, तरी पट्ट्यापट्ट्याने मरतेय, तर कारण बहुतेक पाय आणि टायर. गुरं हिला फारसं तोंड लावत नाहीत, चीक असतो म्हणून, शेळ्या शेंडे कुरतडतात पण त्यातून ती सावरते. गाडीतून सावरत नाही. टेकाडावर एकदा गाडी चढली की पेरं चिरडतात, तिथून वाळू सुटते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारचा वायव्येचा वारा नेमका त्याच चाकोरीत घुसून खिंड कोरतो. सरळ समुद्राकडे जाणारी पायवाटही तेच करते. आमची वाट आम्ही तिरकी केली, वाऱ्याला आडवी, दोन वळणं देऊन, आणि तोंडाशी सुकलेल्या झावळ्या अर्ध्या पुरून गुडघ्याएवढा कुडाण केला. त्या कुडाणाच्या आडोशाला एका मोसमात वीतभर वाळू साठली आणि वेल त्यावर चढली. पत्रा किंवा भिंत लावू नका, वारा आरपार गेला पाहिजे, नुसता मंदावला पाहिजे.

स्वच्छता मोहिमेचं एक सांगते, मनाला लागलेलं आहे. तिसऱ्या वर्षी जी थोडी वेल मागच्या बाजूला वाचली होती ती एका रविवारी बाहेरून आलेल्या गटाने प्लास्टिकबरोबर ओढून काढली आणि ढीग करून जाळली. मुलं मनापासून काम करत होती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता मोहीम असली की मी आधी जाऊन उभी राहते आणि पान दाखवते, हे सोडून बाकी सगळं उचला. वेलीत अडकलेलं प्लास्टिक हाताने काढायचं, दाताळं लावायचं नाही.

सुरूच्या बनात लावत असाल तर थांबा. सुरू इथला नाही, कारवारला १८६८ च्या सुमारास आणला आणि मग सगळ्या किनाऱ्यावर लावत गेले. त्याच्या सावलीत आणि खाली साठणाऱ्या काड्यांच्या थरात मर्यादवेल कधी जोम धरत नाही, पिवळट, लांबुडकी होते, फूल येत नाही. तिला पूर्ण ऊन हवं. बनाच्या समुद्राकडच्या कडेला मोकळं असेल तिथे लावा. आणि जिथे धूपप्रतिबंधक बंधारा झालाय, मोठे दगड टाकलेत, तिथे बंधाऱ्यापुढे लावून कष्ट वाया घालवू नका, लाट दगडावर आपटून पुढची वाळूच खेचून नेते.

अजून दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एक म्हणजे कासवं. आमच्या तालुक्यात आणि पलीकडे मंडणगडात वेळासला ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वेलीची मुळं घरट्यात घुसू शकतात आणि मादीला खणायला मोकळी वाळू लागते, म्हणून जिथे घरटी होतात तो पट्टा सोडून द्या. कुठे होतात ते गावातल्या कासवमित्रांना माहीत असतं, त्यांच्याबरोबर एक फेरी मारा. दुसरं म्हणजे टेकाड तुमच्या सातबाऱ्यावर असलं तरी ते सपाट करणं, त्यावर जांभ्याची भर टाकणं चालत नाही, २०१९ च्या सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक वर्गात, म्हणजे एक-अ मध्ये आहेत. वेल लावायला कोणी अडवत नाही, पण ग्रामपंचायतीला आणि वनखात्याच्या माणसाला कानावर घालून ठेवा, मोहीमवाले आले की उपयोग होतो.

माझ्याकडे आता पट्टा गडग्यापासून पुढे चाळीसेक पावलं झालाय. गेल्या पावसात पुढची सात-आठ पावलं कापली गेली, कापलेल्या कड्यातून मुळं दोऱ्यांसारखी लोंबत होती, मी काही केलं नाही, आणि मार्गशीर्षात त्याच मुळांपासून नवे शेंडे खाली उतरले होते. बावीचं झाकण हल्ली पुसावं लागत नाही. तुमची वेल जात असेल तर आधी एक मेलेली उपटून मुळं किती खोल गेलीत ते मोजा आणि श्रावणात भरतीच्या ओळीत बांबू ठोका, तुकडे त्यानंतर आणा.